एका हातावर उभा संघ

सॉफ्टबॉलच्या संघात नऊ जणी असतात, पण पिचरच्या हातातून चेंडू सुटल्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही. सात इनिंगच्या सामन्यात समोरच्या एकवीस जणी बाद करायच्या असतात आणि प्रत्येक आउटची सुरुवात तिच्याच चेंडूपासून होते. शॉर्टस्टॉपच्या हातून एखादा झेल सुटला तर दोन मिनिटांनी तो विसरला जातो. पिचरचा दिवस वाईट असेल तर ते प्रत्येक चेंडूला दिसतं आणि बाकावरच्या मुली, पंच, सर, कुंपणाशी उभे असलेले पालक, सगळे ते बघत असतात. सामना संपतो तेव्हा तिने शंभरच्या आसपास चेंडू टाकलेले असतात. सामन्याआधी हात मोकळा करायला टाकलेले वेगळे, आदल्या संध्याकाळच्या प्रॅक्टिसमधले आणखी वेगळे.

हे पुस्तक त्या मुलीसाठी आहे आणि तिच्याहून जास्त तिच्या भोवतीच्या मोठ्या माणसांसाठी आहे. सातारा किंवा सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेत शिकणारी, हाताला वेग आहे म्हणून सरांनी पिचर केलेली ही बारा ते अठरा वर्षांची मुलगी पहिली दोन-तीन वर्षं झपाट्याने पुढे जाते. जिल्हा होतो, विभाग होतो, राज्यही होतं. मग एका हंगामात ती ग्राउंडवर उशिरा यायला लागते, कारणं सांगायला लागते आणि दहावीचं निमित्त होऊन खेळ सुटतो तो कायमचा. 'अभ्यासामुळे सोडलं' असं आपण म्हणतो आणि विषय संपवतो. पुष्कळदा खरं कारण निराळं असतं. तिचं खेळावरून मन उडालेलं असतं आणि त्याला आपण सगळ्यांनी हातभार लावलेला असतो. क्रीडा मानसशास्त्र याला बर्नआउट म्हणतं. या पुस्तकाचं म्हणणं थोडक्यात सांगायचं तर असं: पिचर करपते, कारण सगळा संघ तिच्या एकटीच्या हातावर उभा केलेला असतो. तेव्हा तिला मन घट्ट करण्याचा उपदेश देण्याआधी दुसरी आणि तिसरी पिचर तयार करा.

खेळ या दोन जिल्ह्यांना नवा नाही. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगलीत झाली आणि सांगली जिल्ह्याच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. कुस्ती, कबड्डी आणि खो-खो इथे गावाने वाढवले. सॉफ्टबॉल मात्र शाळेच्या वाटेने आला. त्याला जत्रेचा फड नाही की गावाचं इनाम नाही. त्याचा आधार शालेय क्रीडा स्पर्धा. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट, जिल्ह्यात जिंकलेला संघ कोल्हापूर विभागात जाणार, तिथे सातारा, सांगली आणि कोल्हापूरच्या शाळा समोरासमोर येणार, त्यातून एक संघ राज्याला जाणार. या स्पर्धा बहुधा बाद पद्धतीच्या असतात. एक सामना हरला की वर्षभराची मेहनत तिथेच थांबते. त्यामुळे पहिल्याच फेरीपासून प्रत्येक शाळा आपल्या सगळ्यांत चांगल्या पिचरच्या हाती चेंडू देते आणि शेवटपर्यंत तो तिच्याच हाती राहतो. यात कोणा सरांची दुष्टाई नसते. स्पर्धेची आखणीच त्यांना तिकडे ढकलत असते, आणि म्हणून नुसत्या चांगुलपणाने हा प्रश्न सुटत नाही.

मुळाशी एक जुना समज आहे. 'चेंडू खालूनच तर टाकायचाय, त्यात हाताला काय होतंय?' असं शिक्षक म्हणतात, पालक म्हणतात, आणि ऐकून ऐकून मुलीही म्हणतात. विंडमिल पद्धतीत पिचरचा हात खांद्यातून पूर्ण गोल फिरतो, कमरेजवळ चेंडू सुटतो आणि त्या वेगाला आवर घालण्याचं काम खांद्याच्या पुढच्या बाजूला आणि दंडातल्या बायसेप्स स्नायूला करावं लागतं. १९९८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत या क्षणी खांद्याला सांध्यातून बाहेर खेचणारी ओढ शरीराच्या वजनाच्या जवळपास जाते असं दिसलं. म्हणजे वरून चेंडू फेकणाऱ्या बेसबॉल पिचरच्या तोडीची. २००९ च्या एका अभ्यासात तर बायसेप्सला वरून फेकण्यापेक्षा विंडमिलमध्येच जास्त काम पडतं असं आढळलं. चेंडू बारा इंच घेराचा, पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅमच्या दरम्यान वजनाचा. मोठ्या स्त्रियांच्या खेळात तो त्रेचाळीस फुटांवरून टाकायचा असतो. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी जो मऊ, वाढणारा भाग असतो, त्याला ही रोजची ओढ मोठ्या माणसाइतकी सोसत नाही. लिटल लीग या अमेरिकी संस्थेने २००७ पासून बेसबॉलच्या बालपिचरांसाठी चेंडूंची मर्यादा घातली. सॉफ्टबॉलच्या मुलींकडे इतक्या काटेकोरपणे पाहिलं गेलं नाही, त्यामागेही हाच समज होता.

आपल्याकडे यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. पहिली पावसाची. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा ग्राउंडवर चिखल असतो. महाबळेश्वर, पाटण, शिराळ्याच्या बाजूला तर पाऊस हटतच नाही. जून-जुलैत पिचरचा हात जवळपास बंद असतो आणि स्पर्धांचं पत्रक आलं की एकदम रोज दोन-दोन तास चेंडू टाकणं सुरू होतं. शरीराला थोडंथोडं वाढत गेलेलं काम सोसतं, एकाएकी अंगावर आलेलं सोसत नाही. हंगामाच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत जे खांदे दुखायला लागतात, त्यांतल्या अनेकांचं मूळ इथे असतं. पावसात शाळेच्या व्हरांड्यात हलक्या चेंडूने, कमी अंतरावरून, मनगटाचा आणि पायांचा सराव चालू ठेवता येतो. त्याला खर्च काहीच नाही, आधी ठरवावं मात्र लागतं.

दुसरी गोष्ट आपल्या शाळांच्या रचनेतली. परदेशातले तज्ज्ञ सांगतात की मुलांना लवकर एकाच खेळाला जुंपू नका, त्यांना अनेक खेळ खेळू द्या. हे खरंच आहे. पण आपल्याकडे त्याचा अर्थ वेगळा होतो. शाळेत एक क्रीडाशिक्षक आणि पंधरा-वीस चपळ मुली. त्याच मुली सॉफ्टबॉलला, त्याच बेसबॉलला, त्याच हँडबॉलला, आणि जिल्हा मैदानी स्पर्धेत गोळा आणि भाला फेकायलाही त्याच. खेळ पाच, पण हात एकच आणि महिनाही एकच. मोसमाप्रमाणे खेळ बदलले तर शरीराला आणि मनाला पालट मिळतो. सगळे खेळ एकाच महिन्यात कोंबले तर पालट कुठला, फक्त ओझं वाढतं. त्यामुळे पिचरच्या कामाचा हिशोब करताना तिने महिनाभरात त्या हाताने काय काय फेकलं हे सगळं मोजावं लागेल. शिवाय ती घरी कळशी उचलते का, वैरण आणते का, पहाटेच्या एसटीने येऊन दिवेलागणीच्या एसटीने परतते का, हेही त्यात धरायला हवं. शरीर घरचं काम आणि ग्राउंडचं काम अशी वेगळी खाती ठेवत नाही.

आता बर्नआउट म्हणजे नेमकं काय? १९७० च्या दशकात ही कल्पना आधी रुग्णसेवेत आणि समाजसेवेत काम करणाऱ्या माणसांच्या संदर्भात पुढे आली. खेळाडूंच्या बाबतीत थॉमस रेडेके या अमेरिकी अभ्यासकाने १९९७ पासून तिची नीट मांडणी केली. त्याने तीन खुणा सांगितल्या. पहिली, शरीर आणि मन दोन्हींचा असा थकवा, की रात्रभर झोपूनही तो उतरत नाही. दुसरी, आपल्या हातून काही होत नाही, कितीही केलं तरी प्रगती नाही, अशी भावना. तिसरी सगळ्यांत गंभीर: ज्या खेळासाठी जीव टाकला त्याचंच मोल वाटेनासं होणं. ग्राउंडवर या तिन्ही खुणा अगदी साध्या शब्दांत ऐकू येतात. 'सर, आज नको, अंग जड झालंय.' 'मी टाकून काय उपयोग, मारतातच सगळे.' आणि शेवटी, 'मरू दे तो सॉफ्टबॉल.' तिसरं वाक्य ऐकल्यावर आपण जागे होतो. खरं तर पहिलं वाक्य लागोपाठ दोन आठवडे ऐकू आलं, तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

एक सावधगिरी इथेच सांगते, कारण तिच्यावाचून बाकी सगळं वाया जाईल. प्रत्येक थकवा बर्नआउट नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. ग्राउंडवर येणारी मुलगी या आकड्याच्या बाहेरची आहे असं धरून चालण्याला काही आधार नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर धाप लागेल, पाय गळतील, चिडचिड होईल, लक्ष लागणार नाही. दुरून पाहणाऱ्याला हे सगळं मन उडाल्यासारखंच दिसतं. तसंच खाणं कमी आणि मेहनत जास्त झाली की मुलीची पाळी लांबते किंवा थांबते. 'खेळाडू मुलींचं असंच असतं' म्हणून ते सोडून देणं धोक्याचं आहे, कारण त्याच वयात हाडं भरत असतात. म्हणून मनाविषयी बोलण्याआधी रक्ताची तपासणी, जेवण, झोप आणि पाळी या चार गोष्टींची चौकशी व्हावी. ही चौकशी आईने किंवा शाळेतल्या एखाद्या बाईंनी केलेली बरी. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन बघायला फार वेळ लागत नाही. खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल आणि विश्रांतीनेही ते थांबत नसेल, तर मात्र हाडांच्या डॉक्टरांकडेच न्यावं. तेल लावून, पट्टी बांधून पुढच्या सामन्याला उभं करू नये.

शरीर ठीक असूनही मन उडतं, तेव्हा काय झालेलं असतं? जे कोकली या समाजशास्त्रज्ञाने १९९२ साली एक वेगळं उत्तर दिलं. कोवळ्या वयात नाव कमावून मग अचानक खेळ सोडणाऱ्या मुलामुलींशी त्याने सविस्तर बोलणी केली. ही मुलं ताणाने मोडली असं सगळे समजत होते. त्याला दोन गोष्टी दिसल्या. एक, खेळाडू याच्यापलीकडे त्यांची दुसरी कुठली ओळखच उरली नव्हती. दोन, त्यांच्या स्वतःच्या दिवसावर त्यांची काही सत्ता नव्हती, सगळं मोठी माणसं ठरवत होती. खेळ सोडणं हा त्यांना स्वतः घेता येण्यासारखा एकच निर्णय उरला होता.

हे वाचताना आपल्या गावातली मुलगी डोळ्यांसमोर येते. घरी, शाळेत, एसटी स्टँडवर ती 'पिचर'च असते. तिची चौकशी म्हणजे 'मॅच कधी?' त्यात दहावी-बारावीला मिळणारे खेळाचे वाढीव गुण असतात आणि पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षणाची आशा असते. या सोयी चांगल्या आहेत. शेतकऱ्याच्या, मजुराच्या घरातल्या मुलीला त्यांनी दार उघडून दिलं आहे आणि त्या टिकायलाच हव्यात. पण घरच्यांच्या डोळ्यांत खेळाची जागा प्रमाणपत्राने घेतली की मुलीला 'यंदा थोडं थांबते' म्हणायची सोय राहत नाही. थांबलं तर गुण जातील, खेळलं तर हात दुखेल, आणि दोन्ही बाजूंनी तिला कोणी विचारलेलंच नसतं. म्हणून या पुस्तकातला सगळ्यांत लांब भाग चेंडू कसा टाकावा याविषयी नाही. कोणत्या गोष्टी मुलीला स्वतः ठरवू द्यायच्या, याविषयी आहे: आज किती चेंडू टाकायचे, कुठला चेंडू शिकायचा, कुठल्या स्पर्धेला जायचं नाही.

आपल्याच भागातल्या मोठ्या खेळाडूंच्या गोष्टी या वाटेवर मदतही करतात आणि चकवाही देतात. सांगलीची स्मृती मानधना नऊ वर्षांची असताना महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघात आली आणि अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालील संघात. हे ऐकून कित्येक पालकांना वाटतं, आपल्या मुलीलाही नवव्या वर्षापासूनच जुंपायला हवं. तिच्याइतक्याच वयात सुरुवात करून चौदाव्या वर्षी खेळ सोडलेल्या मुलींच्या बातम्या येत नाहीत, म्हणून त्या आपल्या हिशोबात धरल्या जात नाहीत. त्याच मातीतल्या दुसऱ्या गोष्टीही सांगायला हव्यात. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव क्रीडा प्रबोधिनीत धावपटू म्हणून आला होता. तिथे तो तिरंदाजीकडे वळला आणि टोकियो ऑलिंपिकला गेला. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर आधी मॅरेथॉन धावत होती. पंचविशीच्या आसपास ती स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचली. उशिरा वळलेली, मधेच वाट बदललेली ही माणसं कोणाच्याही मागे राहिली नाहीत.

सांगलीच्या संकेत सरगरची गोष्टही नीट सांगायला हवी. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात वजन उचलताना त्याचा कोपर दुखावला, तरीही तो शेवटच्या प्रयत्नाला उभा राहिला आणि २४८ किलोंवर रौप्यपदक घेऊन आला. त्याच्या धैर्याला मनापासून सलाम. पण तो एकवीस वर्षांचा होता, तो त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा मंच होता आणि निर्णय त्याचा होता. हीच गोष्ट सांगून तेरा वर्षांच्या मुलीला तालुक्याच्या उपांत्य सामन्यात दुखऱ्या खांद्याने चेंडू टाकायला लावणं म्हणजे एका मोठ्या खेळाडूच्या धैर्याचा गैरवापर आहे.

पिचरच्या बाबतीत जगाला माहीत असलेली सर्वांत मोठी गोष्ट जपानच्या युकिको उएनोची. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिने दोन दिवसांत तीन सामने टाकले. २० ऑगस्टला दोन सामने, दोन्ही जादा इनिंगमध्ये गेलेले, आणि दुसऱ्या दिवशी अंतिम सामना. एकूण ४१३ चेंडू. आधीची तिन्ही सुवर्णपदकं घेतलेल्या अमेरिकेला हरवून जपान जिंकला. ४१३ हा आकडा जपानमध्ये आजही लोकांना पाठ आहे. त्यानंतर सॉफ्टबॉल ऑलिंपिकमधून वगळला गेला आणि उएनो बराच काळ खेळावरून मन उठलेल्या अवस्थेत होती. ती खेळत राहिली, पण पूर्वीची ओढ राहिली नव्हती, हे तिने स्वतःच पुढे सांगितलं. तेव्हा ती सव्वीस वर्षांची, जगातली अव्वल खेळाडू होती. तिचं असं होतं, तर आठवीतल्या मुलीला आपण काय सांगणार?

मला मात्र या गोष्टीचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. तेरा वर्षांनी, २७ जुलै २०२१ रोजी, टोकियोत पुन्हा अंतिम सामना, पुन्हा अमेरिका, आणि पिचर पुन्हा उएनो. आता तिला नुकतंच एकोणचाळिसावं वर्ष पुरं झालं होतं. या वेळी जपानकडे वीस वर्षांची मिऊ गोतो होती. सहाव्या इनिंगमध्ये उएनोला बाहेर बोलावलं, गोतोने कठीण वेळ निभावून नेली आणि सातव्या इनिंगमध्ये उएनो परत आली. जपान २-० ने जिंकला. सॉफ्टबॉलच्या नियमात सुरुवातीला खेळलेल्या खेळाडूला बाहेर जाऊन एकदा परत येता येतं. हा नियम आपल्या शाळांच्या सामन्यांतही आहे. त्याचा सर्वांत चांगला उपयोग दमलेल्या पिचरला श्वास घेऊ देण्यासाठी होतो. पण बाहेर काढायचं तर आत पाठवायला कोणीतरी तयार हवी. उएनो परत येऊ शकली, कारण गोतो होती.

दुसरी पिचर कुठून आणायची, असा प्रश्न सर विचारतात तेव्हा तो खरा असतो. मुली कमी, वेळ कमी, कॅचरला एकच पिचर सांभाळताना नाकी नऊ. पण उत्तर या दोन जिल्ह्यांत आधीपासून आहे. तालमीत वस्ताद एकाच पैलवानावर तालीम चालवत नाही. खाली नवी पोरं तयार होत असतात, मोठा पैलवान त्यांच्याशी लढत लढत त्यांना शिकवतो, आणि कोवळ्या पोराची जोड वस्ताद बघून लावतो, नुसत्या गर्दीच्या हाकेवर लावत नाही. सकाळची मेहनत, मग खुराक, मग दुपारची झोप हा तिथे कामाचाच भाग असतो. झोपलेल्या पैलवानाला कोणी आळशी म्हणत नाही. हीच शिस्त सॉफ्टबॉलच्या ग्राउंडवर आणायची आहे. सहावी-सातवीत असताना निदान पाच-सहा मुलींना विंडमिल शिकवा. त्यातल्या तिघी आठवीपर्यंत टिकतील. मोठी पिचर आठवड्यातून एक दिवस स्वतः न टाकता लहान मुलींना शिकवील. तिचा हात थांबतो, डोकं चालतं आणि 'मी फक्त चेंडू टाकणारं यंत्र नाही' हे तिला कळतं.

मोजणीची शिस्तही घरातलीच आहे. साताऱ्याची अदिती स्वामी ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये सतराव्या वर्षी कंपाउंड तिरंदाजीची जगज्जेती झाली. तिरंदाज रोज किती बाण सोडले हे वहीत लिहून ठेवतात, कारण खांद्याला झालेल्या कामाचा दुसरा हिशोब नसतो. पिचरचे चेंडू मात्र आपण मोजत नाही. या पुस्तकाच्या शेवटी वहीचा एक नमुना दिला आहे: तारीख, सरावातले चेंडू, सामन्यातले चेंडू, झोप, दुखणं, आणि 'आज खेळावंसं वाटलं का?' हा एक प्रश्न. वही मुलीने स्वतः लिहायची. सरांनी ती आठवड्यातून एकदा वाचायची, पण तिच्यावरून कधीही रागवायचं नाही. रागवलात तर पुढच्या आठवड्यापासून खोटं लिहिलं जाईल.

विश्रांतीचे आकडेही ठरलेले आहेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये सांगितलं की वाढत्या वयाच्या खेळाडूला आठवड्यातून एक-दोन दिवस आणि वर्षात एकंदर तीन महिने, हवं तर एकेक महिन्याच्या तुकड्यांत, त्याच्या मुख्य खेळापासून पूर्ण सुट्टी मिळावी. नीरू जयंती या डॉक्टरांच्या अभ्यासात असं दिसलं की आठवड्याचे सरावाचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त झाले की दुखापतींचं प्रमाण वाढतं. म्हणजे तेरा वर्षांच्या मुलीला आठवड्याला तेरा तास ही वरची मर्यादा, आणि त्यात सगळे खेळ आले. आपल्या वर्षाला हे सहज बसतं. परीक्षेच्या आधीचा महिना, मे महिन्याचा उन्हाळा आणि दिवाळीची सुट्टी हातात आहेच. या काळात उन्हाळी शिबिराच्या नावाखाली पिचिंग चालू ठेवलं नाही तरी पुष्कळ साधेल. त्या दिवसांत तिला पोहू द्या, सायकल चालवू द्या, अंगणात लगोरी खेळू द्या. आणि त्या वेळी तिथे शिट्टी घेऊन उभे राहू नका.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या भागात हाताचं आणि वाढत्या शरीराचं काम. दुसऱ्यात वर्षाची आखणी, पावसापासून परीक्षेपर्यंत. तिसऱ्यात तीन पिचरांचा संघ कसा उभा करायचा आणि बाद पद्धतीच्या स्पर्धेत त्यांना कसं वापरायचं. चौथा भाग घरासाठी: सामना हरल्यावर घरी येताना काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही. माझ्या मते तो आधी वाचला तरी चालेल. त्या वाटेवर मुलीला चुकांची उजळणी नको असते. तिला भूक लागलेली असते आणि आपण अजून घरच्यांना आवडतो याची खात्री हवी असते. पाचवा भाग ज्या मुलींचं मन आधीच उडालं आहे त्यांच्यासाठी आहे. त्यात परत येण्याची वाट आहे, आणि कोणाला परत यायचं नसेल तर मोकळ्या मनाने निरोप घेण्याचीही. खेळ सोडलेली मुलगी वाया गेली असं म्हणायचा हक्क कोणालाही नाही. हे सगळं पिचिंग करणाऱ्या मुलांनाही तितकंच लागू आहे. उदाहरणं मुलींची जास्त आली, कारण ग्राउंडवर टिकून राहण्यासाठी मुलींना घराशी आणि गावाशी आधीच जास्त झगडावं लागतं.

२०२८ मध्ये लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या निमित्ताने सॉफ्टबॉल पुन्हा ऑलिंपिकमध्ये येतो आहे. ते बघून शाळा नव्याने संघ उभे करतील, पालकांच्या आशा वाढतील, नव्या मुलींच्या हाती चेंडू जाईल. हाच उत्साह नीट वळवला तर या दोन जिल्ह्यांतून चांगल्या पिचर घडतील, आणि तसाच सोडला तर आणखी काही मुली सोळाव्या वर्षी ग्राउंडकडे पाठ फिरवतील. म्हणून क्रीडाशिक्षकांना माझी एक विनंती आहे आणि ती याच हंगामात पुरी करता येईल. पहिल्या सराव-सामन्याच्या यादीत पिचर म्हणून तीन नावं लिहा. सामन्यात तिघींनाही टाकू द्या, त्या दिवशी हरलात तरी चालेल. आणि तुमच्या सर्वांत चांगल्या पिचरला त्या दिवशी विचारा, किती इनिंग टाकायला आवडेल? ती जे उत्तर देईल ते मान्य करा. तिच्या पुढच्या पाच वर्षांच्या खेळाची सुरुवात तिथून होईल.